बाजाराच्या यादीवरची दाद
शेंगदाणे भाजायचा वास आला की मला वडवणीच्या बाजारातलं इंटरनेटचं दुकान आठवतं. बाजाराच्या दिवशी तिथं बसून मी आमचा हौशी कवींचा गट उघडायचे. एकदा सिरसाळ्याच्या एका बाईंनी गटावर लिहिलं, "कुणी वाचत न्हाई, ही माझी शेवटची कविता." कविता तर लई गोड होती हो! मी घरी येऊन बाजाराच्या यादीच्याच कागदावर उत्तर लिहिलं आणि पुढच्या बाजारी एका बोटानं टाइप करायला बसले. दुकानदार म्हणाला, "मावशी, लाईट जायची येळ झाली, आटपा की!" मग काय, कागदावरचं दिसेल ते घाईनं उतरवलं, पाठवलं आणि लाईट गेलीच. आठ दिवसांनी गट उघडला. बाईंचं उत्तर आलं होतं, "ताई, थांबू नका म्हणालात, चुलीची ओळ आवडली म्हणालात, लई बरं वाटलं. पण शेवटी पाव किलो शेंगदाणे कावून?" आणि खाली नवीकोरी कविता! मी दुकानातच टाळ्या पिटल्या. आता आम्ही दोघी मोबाइलवर लिहितो, आणि कविता मनापासून आवडली की एकमेकींना एवढंच कळवतो, पाव किलो शेंगदाणे.