रुग्णास नेण्यात आले

भोरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. नवा अभ्यासक्रम आला त्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून एक जादा तास दिला. कला, वाणिज्य आणि विज्ञान, तिन्ही शाखांची दुसऱ्या वर्षाची मुलं एका वर्गात बसवायची आणि त्यांना लिहायला शिकवायचं. "मॅडम, मुलांना स्वतःच्या चार ओळी लिहिता येत नाहीत," ते म्हणाले. मी हो म्हटलं. मला वाटलं, निबंधच तर आहेत.

पहिल्याच आठवड्यात कळलं की या मुलांना लिहिता येतं, पण प्रत्येक जण आपापल्या विषयाचा गणवेश चढवूनच लिहितो. कलाशाखेच्या मुलांचं गाव 'निसर्गाच्या कुशीत' वसल्याशिवाय राहत नसे. वाणिज्यची मुलं आईबद्दल लिहितानाही 'सदर व्यक्ती' म्हणत. इतिहासवाल्यांचं सगळं 'प्राचीन काळापासून' सुरू व्हायचं, अगदी एसटी स्टँडसुद्धा. आणि विज्ञानाच्या मुलांच्या लिखाणात तर माणूसच नसायचा. 'पाणी उकळण्यात आले.' 'पाने गोळा करण्यात आली.' कोणी उकळलं, कोणी गोळा केली, पत्ता नाही. शिवाय निम्मा वर्ग मोबाईलला विचारून लिहून आणायचा. एकदा 'माझे आजोबा' लिहायला सांगितलं, तर पाच-सहा जणांच्या आजोबांचे हात एकाच शब्दांत सुरकुतलेले निघाले.

म्हणून मी त्यांना सांगितलं, "तुमच्या घरात खरोखर घडलेली एक गोष्ट लिहा. मोबाईलला तुमचं घर माहीत नाही. मात्र तुमचा विषय जसं लिहितो तसंच लिहायचं. आणि ज्यानं लिहिलं त्यानंच उभं राहून वाचायचं."

मुलांना मजा वाटली. सारोळ्याच्या एका वाणिज्यच्या मुलीने बहिणीच्या लग्नाचा ताळेबंद वाचला, तेव्हा वर्ग पोट धरधरून हसला. त्या हशातच शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. प्राणिशास्त्राचा होता. विंझरच्या पुढच्या एका वाडीवरून दोन एसट्या बदलून यायचा, उशिरा पोचला तर दाराशी थांबून नजरेनेच विचारायचा. तो घसा खाकरून वाचायला लागला.

"उद्दिष्ट. सर्पदंशाच्या एका घटनेतील लक्षणांची नोंद करणे. निरीक्षण. भातकाढणीनंतर पेंढा रचत असताना सायंकाळी स्त्री रुग्णास उजव्या घोट्याजवळ नागाने दंश केला. साप प्रत्यक्ष पाहण्यात आला. प्रारंभी वेदना व किंचित सूज. त्यानंतर पापण्या खाली येणे, बोलणे अस्पष्ट होणे, गिळण्यास त्रास. रुग्णास दवाखान्यात नेण्यात आले. दाखल करतेवेळी श्वास अत्यंत मंद. प्रतिविष देण्यात आले. कृत्रिम श्वासोच्छ्वास देण्यात आला. निष्कर्ष. लक्षणे नागाच्या विषाशी जुळतात."

आणि तो बसला. फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात तशा आवाजात त्याने हे वाचलं होतं. 'छान' म्हणायची माझी सवय, पण तो शब्द जिभेवर येऊन थांबला. लग्नाचा ताळेबंद वाचणाऱ्या मुलीनेच मागे वळून विचारलं, "अरे, मग ती वाचली का?"

तो म्हणाला, "ते उद्दिष्टात नव्हतं."

त्याचं उत्तर उद्धट नव्हतं, नियमाप्रमाणे बरोबरच होतं. विषय जसं लिहितो तसंच लिहा, हे मीच सांगितलं होतं.

तेवढ्यात मुलींच्या बाजूने आवाज आला. "वाचली. ती मीच हाय."

बी. ए.ची मुलगी होती ती, इतिहासाची. ती त्याची चुलत बहीण आहे, दोघं एकाच घरातून येतात, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. कॉलेजात ती एकमेकांशी बोलतही नसत. ती उभी राहिली होती आणि बाकाची कड तिने घट्ट धरली होती.

"म्याडम, हे ह्यानं लिवलंय ते मला म्हाईत नव्हतं," ती मला म्हणाली आणि मग त्याच्याकडे वळली. "आणि देवळातलं रं? ते कुठं गेलं?"

"ते शास्त्रीय न्हाई," तो बाकाकडे बघत म्हणाला.

"शास्त्रीय न्हाई? मला देवळाच्या फरशीवर निजवली हुती. माझं डोळं उघडत नव्हतं, पण मला समदं ऐकू येत हुतं. आई रडत हुती. कुणीतरी म्हणालं, गेली पोर. मला वरडायचं हुतं, मी हाय म्हणून. जीभच हलत न्हाई तर वरडू कशी?"

मी उठून तिच्याजवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तास संपल्याची घंटा झाली. मुलगा कागद माझ्या टेबलावर ठेवून, दप्तर उचलून बाहेर पडला, ती मात्र बराच वेळ तशीच उभी होती.

दुपारी मी तो कागद घेऊन प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेले. निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला. "हे चुकीचं आहे," ते म्हणाले.

"लक्षणं चुकलीत का?"

"लक्षणं अगदी बिनचूक आहेत. पण दंश संध्याकाळी आणि दाखल करताना श्वास थांबत आलेला. मधे ती मुलगी कुठं होती? उशीर झाला म्हणून तर हे सगळं झालं. नेमका उशीरच गाळलाय यानं. जे घडलं ते गाळलं तर त्याला निरीक्षण म्हणत नाहीत, मॅडम."

हाच विषय तो वर्षाच्या प्रकल्पासाठी घेणार होता, हे तेव्हा कळलं. सरांनी त्याला बोलावून घेतलं. उशीर लिहावा लागेल म्हणून सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी एवढंच बोलला, "सर, मला नापास करा. ज्यांनी मला वाढवलं त्यांचं असं कागदावर काढायचं न्हाई मला."

त्याचे वडील तो अगदी लहान असताना वारले होते. चुलत्याने त्याला आपल्या मुलीबरोबरीनं वाढवलं, शिकवलं. मुलीला देवळात नेणारा तो चुलताच. सरांनी कागद माझ्या हातात परत दिला.

तो संपला विषय असं मी धरून चालले होते. चार-पाच दिवसांनी स्टाफरूमच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी, पायांत जड चपला. मागे तो मुलगा आणि ती मुलगी. मुलगा कावराबावरा झाला होता.

"लिवायला लावत्यात त्या बाई तुमीच का?" त्यांनी विचारलं.

घरातली गोष्ट चारचौघांत वाचायला लावली म्हणून जाब विचारायला आले असणार. मी उठून खुर्ची पुढे केली. "या काका, बसा."

ते टोपी सारखी करत बसले. "पोरीनं घरी समदं सांगितलं. आता ह्यानं काय लिवलंय ते मला वाचून दावा. तो वाचत न्हाई माझ्याम्होरं."

मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. 'रुग्णास दवाखान्यात नेण्यात आले' या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

"थांबा. कोणी नेलं?"

"तसं लिहिलेलं नाही."

"का न्हाई लिवलं?" ते पुतण्याकडे वळले. "ह्यानं नेलं, बाई. मी देवळाच्या दारात आडवा उभा हुतो. पोरीला हलवू नगा म्हणत हुतो. ह्यानं मला ढकललं. पायरीवर पडलो मी. तिला उचलली आन् दुधाच्या टेम्पोत घालून नेली. गावासमोर."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी इतकी वर्षं व्याकरण शिकवते आहे. कर्ता नसलेलं वाक्य फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. त्या वाक्याच्या आड ज्याने वाढवलं त्याच्यावर हात टाकलेला एक पोरगा लपून उभा असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"मला वाटलं, तुमी ते कधी विसरणार न्हाई," मुलगा भिंतीशीच बोलला.

"इसरू कशाला? बरं केलंस," चुलते म्हणाले. "न्हाईतर पोर जात हुती."

मुलगा वळला. इतक्या दिवसांचं साचलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "मग नेलंच का देवळात? माझ्या बापाला नेलं तसंच? त्यो मेल्यावरबी तुमाला कळलं न्हाई?"

चुलत्यांनी त्याच्याकडे बघितलं. खरंच गोंधळून बघितलं. "तुझ्या बापाला? त्याला कुठं देवळात नेलं?"

"साप चावून गेला न्हवं त्यो?"

"व्हय. पण त्याला देवळात न्हाई नेला. म्या सवता टेम्पोत घातला, थेट दवाखान्यात नेला. तितं इंजेक्शन न्हवतं. म्होरं न्या म्हणाले. नसरापूरच्या अलीकडं माझ्या मांडीवर गेला तो." त्यांनी मांडीवर तळहात टेकला. "तुला कुणी सांगितलं देवळात नेला म्हणून?"

कोणीच सांगितलं नव्हतं. घरात तो विषयच कधी निघाला नाही. मुलाने लहानपणापासून आपलं आपणच धरलं होतं की बापाला देवळात नेलं आणि तो मेला. म्हणून तर त्याने प्राणिशास्त्र घेतलं होतं. तो मटकन खाली, फरशीवरच बसला. त्याची बहीणही तोंडावर हात ठेवून बापाकडे बघत राहिली, कारण तिलाही हे नवीन होतं. शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मॅडमचा पेन हवेतच राहिला होता.

"दवाखान्यात नेलेला भाऊ गेला," चुलते मला सांगू लागले, आवाज जरासाही न चढवता. "आन् देवळात नेलेली दोन माणसं माझ्या डोळ्यांदेखत उठून घरी गेली. मग तुमी सांगा बाई, पोरीला चावल्यावर माझं पाय कुठं वळतील?"

प्राणिशास्त्राचे सर मधेच येऊन दाराशी उभे राहिले होते. ते पुढे आले, चुलत्यांच्या समोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "ती दोन माणसं जगली, कारण साप चावला तरी दर वेळी विष जातंच असं नाही. पण तुमच्या भावाचं ऐकल्यावर कळतं, तुम्ही देवळात का गेलात. आता दवाखान्यात इंजेक्शन मिळतं, हे गावाला कळायला पाहिजे."

चुलते उठले, फरशीवर बसलेल्या पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवला. "लिव. पोरीच्या बापानं तिला देवळात नेलं, असं लिव. का नेलं तेबी लिव. आन् तू नेलीस ते लिव. ढकललं तेवढं ऱ्हाऊ दे, लोक हसतील."

तिघं एसटीला गेले. मी त्या दिवशीचा पुढचा तास घेतला, पण काय शिकवलं ते आठवत नाही.

प्रकल्प पुन्हा लिहिला गेला. सोपं नव्हतं ते. मुलाने आधी सगळंच 'मी', 'माझे वडील', 'काका' असं लिहून आणलं. सरांनी ते खोडलं. 'रुग्णाच्या वडिलांनी', 'रुग्णाच्या चुलत भावाने', असं लिहायला लावलं. तो माझ्याकडे आला, रागावूनच. मी म्हटलं, "विषयाची भाषा सरांच्या मनासारखी ठेव. पण प्रत्येक वाक्यात कोणी केलं ते असलं पाहिजे." शेवटी उशिराचा परिच्छेद निरीक्षणात गेला आणि त्यामागचं कारण, म्हणजे त्याच्या वडिलांचा मृत्यू, चर्चेच्या भागात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. हा कौटुंबिक भाग प्राणिशास्त्रात कशासाठी? सर मला नंतर सांगत होते, मुलगा म्हणाला, "विषाचा वेग पुस्तकात मिळतो. माणूस कुठं पळतो ते मिळत न्हाई." परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तो आता पुण्यात पुढचं शिकतो आहे. त्याच्या वाडीच्या शाळेत सरांनी सर्पदंशावर एक कार्यक्रम घेतला, तेव्हा समोर पहिल्या रांगेत चुलते बसले होते म्हणे.

मुलीच्या बाबतीत मात्र मी हावरट झाले. देवळातल्या फरशीवरचं ते तिने लिहावं असं मला फार वाटत होतं. असं लिखाण माझ्या हाती कधी आलं नव्हतं. एकदा तिला बाजूला घेऊन सुचवलंही.

"म्याडम, ते नगं," ती म्हणाली. "ते म्या एकदा ऐकलंय. पुन्यांदा न्हाई ऐकायचं."

मी पुन्हा विचारलं नाही. मी दिलेल्या मुदतीत तिने दोन पानं आणून दिली. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर शिवऱ्याची एक म्हातारी होती. शुद्धीवर आल्यावर हिच्या हातांत कंगवा धरण्याइतकीही ताकद नव्हती, आणि आईला घरी जनावरं बघायला जावं लागलं होतं. तेव्हा ती म्हातारी स्वतःची सलाईनची नळी सांभाळत हिच्या खाटेवर येऊन बसायची, केसांचा गुंता सोडवायची, आणि ओढ बसली की स्वतःच "आई गं" म्हणायची. एवढंच होतं त्या दोन पानांत. सापाचं नाव एकदाही आलं नव्हतं. स्टाफरूममध्ये वाचत होते मी ते. संपल्यावर पान उलटून बघितलं, मागे काही नव्हतं. तरी मी उलटून बघतच राहिले.