राजाची बाकीची भावंडं

इंग्लंडमधल्या एका जुन्या चर्चमध्ये आम्ही एका नामवंत राजाची भव्य कबर पाहत होतो. शेजारच्या लहानशा दगडावर तीन बाळं आणि खाली त्यांची नावं कोरलेली होती. "ही कोण?" माझ्या मोठ्या बहिणीने विचारलं.

"राजाची भावंडं. लहानपणीच गेली. विशेष काही नाही," म्हणत गाईड पुढे निघाला.

ताई जागची हलली नाही. तिची पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली होती. "विशेष नाही? त्यांच्या आईला विचारलं होतं का कुणी?" तिचा आवाज चर्चभर घुमला. माझंही डोकं तापलं. गादीवर बसला तेवढाच जन्मला, आणि बाकीच्यांना त्या बाईने काय उगाच पोटात वाढवलं?

ताईने खाली वाकून दगडावरची तिन्ही नावं मोठ्याने वाचली. सगळ्यांना थांबावं लागलं.