शेवळाचा शेवटचा गड्डा

मला धीर नाही. भाताचं झाकणसुद्धा मी चार वेळा उघडते. त्यामुळे सोनिवलीचा आमचा माळ बिल्डरला गेला आणि जेसीबी यायच्या आदल्या दिवशी आईने खुरप्याने शेवळाचे, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळी रानभाजीचे, अकरा गड्डे काढून आणले, तेव्हा ते कॅम्प पाचमधल्या माझ्या घराच्या गॅलरीत ठेवणं ही तिची चूकच होती.

रंगाच्या रिकाम्या डब्यांत ते लावले. "आता उकरू नको," आई म्हणाली. मी दर रविवारी उकरायची. दाबून बघायची. कठीण लागला तर जिवंत, मऊ लागला तर गेला. तीन पावसाळ्यांत दहा गेले. आई एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. माळावर आता इमारती आहेत. दुसरे आणायचे कुठून?

यंदा जूनच्या तोंडावर उरलेल्या एका डब्यातून कोंब आला. पान नव्हे, फूल. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शेवळ मिटलेलं असतानाच खुडायचं आणि घसा खाजू नये म्हणून काकडाची आंबट फळं घालून शिजवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. उमललेलं घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

"ह्याला नाय खुडायचं," आई म्हणाली. "जल्मभर खुडूनच खाल्ली. एकाला तरी उमलू दे."

उमललं, आणि असा वास सुटला की खालच्या सिंधी आंटी वर आल्या. "कहीं चूहा मर गया क्या?" मी शरमेने लाल झाले आणि तडक कात्री आणली. आई डब्यापुढे फतकल मारून बसलेली, नाकाला पदर लावून, एकटक बघत.

"असं दिसतं होय," ती म्हणाली. मी कात्री ठेवून दिली.

दोन दिवसांत फुलाने मान टाकली. बी धरलं नाही. आता पान यायला हवं, पण दोन आठवडे झाले, काही नाही. बोटं शिवशिवतात, तरी मी डब्याला हात लावलेला नाही. एवढा धीर मी आयुष्यात कुणासाठी धरला नव्हता.

आज सकाळी गॅलरीत गेले, तर आईचं बोट पार खोल मातीत. मला बघूनही तिने ते काढलं नाही.

"तुला टाइम हाय, मला कुठं?" ती खेकसली. मग हळूच म्हणाली, "कठीण लागतंय गं."