ज्या खेळाला गुण नव्हते

माझी धाकटी लेक मोबाईलवरच्या खेळांच्या गोष्टी लिहिते. तिचा डावा पाय जन्मतःच अधू आहे. ती कुबडी घेऊन चालते. कंपनी पुण्यात आहे, पण ती देवळाली प्रवरा इथे, आमच्या घरूनच काम करते. "खेळांनाही गोष्टी लागतात का हो, बाई?" हा प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकला आहे. त्याचे नीट उत्तर मला एका शनिवारी मिळाले.

सकाळची शाळा आटोपून मी घरी आले होते. दुपारी तिच्या वरिष्ठांचा व्हिडिओ कॉल होता. नव्या खेळाचा शेवट तिने लिहिला तसा राहणार की बदलणार, हे त्यात ठरायचे होते. तत्पूर्वी तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"आई, तू खेळून बघ. तुझ्याइतकं नियमानं कुणी खेळणार नाही."

सुरुवात एका गरोदर बाईच्या चोरओटीने होती. तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता भरलेली ओटी. इथवर मी सराईत होते. पुढे तपासणीनंतर डॉक्टर त्या बाईला सांगतात, की बाळाच्या पायांत दोष आहे, ते आधाराशिवाय बहुधा चालणार नाही. गर्भ ठेवायचा की नाही, हे खेळणाऱ्याने निवडायचे. मी विचारपूर्वक पहिला पर्याय निवडला आणि पडद्याचे चारही कोपरे तपासले.

"गुण कुठे दिसतात गं?"

"गुण नाहीत."

"मग उत्तर बरोबर आलं, हे कळणार कसं?"

"पेपर नाही तो, आई!" ती हसली. "सरांना तिथं आनंद मोजणारी पट्टी हवी होती. मूल ठेवलं की पट्टी उतरणार. मी ती काढायला लावली."

मग मी दुसरा पर्याय घेतला. गर्भपातानंतर ती बाई घरी येते. तिला कोणी बोल लावत नाही. शेजारीण भाकरी घेऊन येते आणि नुसती जवळ बसून राहते.

"हेही तूच लिहिलंस?"

"मीच. ठरवायचं तिनं आहे. माझ्याकडे बघून तिनं घाबरू नये. आणि माझ्यासाठी म्हणून मूल ठेवूही नये."

मी नागरिकशास्त्र शिकवते. इतके नेमके वाक्य माझ्या वर्गात अद्याप उच्चारले गेलेले नाही.

कॉल सुरू झाला. सर म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त शेवटी ते मूल कुबडी टाकून धावत येऊ दे. खेळणाऱ्याला बरं वाटतं."

"सर, मी कुबडी टाकलेली नाही. मला भेटून तुम्हाला वाईट वाटतं का?"

"अगं, तसं नाही..."

"मग त्यालाही चालतच येऊ द्या."

मी पदराचे टोक घट्ट धरून बसले होते.

"बरं," सर अखेर म्हणाले. "तुझाच शेवट राहू दे."

मग तिने मला तो शेवट दाखवला. ती बाई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे. मूल दिसत नाही, फक्त येताना ऐकू येते: टक, पाऊल, टक, पाऊल. मी सवयीने दाराकडे मान वळवली. लेक तर माझ्या शेजारीच बसली होती.

"आपल्याच ओसरीतला आवाज आहे," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात मोबाईलवर घेतला."

"आधी सांगायचंस की! फरशी पुसून ठेवली असती."

"आवाजात धूळ दिसत नाही गं!"

"बरं, बरं," मी म्हणाले. "पुन्हा लाव."