पप्पांचा एपिसोड

मी मँचेस्टरला निघाले त्या दिवशी अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगखाली अख्खा मजला उतरला होता. मम्मी रडत होती. पप्पा कडक इस्त्रीची पॅन्ट घालून टॅक्सीवाल्याला रस्ता समजावत होते. "जयभीम. पोचलीस की फोन कर," एवढंच बोलले आणि तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं रडतायत. ते खोकत होते.

पप्पा उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात घिसाईला होते. नवी कोरी पॅन्ट पॉलिश पेपरने घासून जुनी करायची. निळी धूळ नाकातोंडात जायची. इकडे हे सांगितलं की लोक हसायचे, मीही हसायचे. पुढे इतिहास आणि अर्थकारणातल्या अजब गोष्टी सांगणाऱ्या एका पॉडकास्टमध्ये लागले. मिठाची झाली, बटणांची झाली. मग मीच सुचवलं, विटक्या जीन्सची करू, माझ्या घरातच माणूस आहे. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, घरचं दारिद्र्य इथे फार छान खपतं.

पप्पांनी रविवारी अंघोळ करून, पंखा बंद करून, मोबाइलवर चाळीस मिनिटं बोलून पाठवलं. त्यात त्यांनी सांगितलं, शेटनी परदेशी जीन्सचा फोटो दाखवून तशीच विटकी मागितली, तेव्हा सगळे कारागीर पॅन्टा एकसारख्या घासायचे आणि त्या खोट्या दिसायच्या. मग पप्पा सुट्टीच्या दिवशी शहाड स्टेशनबाहेर उभे राहिले. हमाल, मेकॅनिक, रिक्षावाले, कुणाची पॅन्ट नेमकी कुठे विटते ते वहीत काढलं. "रिक्षावाला मांडीला हात पुसतो ना, तिथं पयली विटते. बाकीचे कापड घासायचे. मी माणूस बघून घासायचो." मग शेट इतरांना शिकवायला पप्पांनाच उभं करू लागले. यापेक्षा अजब गोष्ट आमच्या पॉडकास्टला कधीच मिळाली नव्हती.

मी ती घेतली नाही. हुशार कारागीर ऐकणाऱ्याला गोंधळात पाडतो. मरणारा कारागीर लगेच कळतो. बोलताना मध्येमध्ये पप्पा खोकत होते. तेवढी अकरा सेकंदं मी कापून घेतली आणि वर इंग्रजीत म्हणाले, हे माझे वडील. एपिसोड जोरात चालला. बाकीची फाइल मी पुसून टाकली.

पप्पांनी तो विहारात, वंदना झाल्यावर, स्पीकरवर लावला. सगळ्यांना चहा सांगितला होता. मम्मीने नंतर फोनवर सांगितलं. इंग्रजी फारसं कुणाला कळत नव्हतं, तरी लोक माना हलवत बसले होते. मग खोकला आला. तो सगळ्यांना कळला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपल्या दादांचा खोकला!" पप्पा म्हणाले, "थांबा, आता माझं बोलणं येईल." एपिसोड संपेपर्यंत ते उभेच होते.

मी माफी मागितली. मराठीत पूर्ण एपिसोड करते म्हणाले, परत बोला. आता त्यांना एका वाक्यातच दम लागतो. "परत कशाला? तुझ्याकडं हाय ना सगळं?" पप्पांनी विचारलं. मी हो म्हणाले. लाज वाटली, तरी हो म्हणाले.

मम्मी दर फोनला विचारते, कधी येतेस. येते म्हणते आणि तिकीट काढत नाही. घर माझ्यासाठी आता ते एकच ठिकाण आहे जिथे जायची मला भीती वाटते. पप्पांनी विहारात सांगून ठेवलंय, पोरगी आली की पूर्ण ऐकवणार.