साहेबांचा सोमवारचा शर्ट

सरकारी कचेरीतले कागद वाळवी खाते, किस्से मात्र साचतच जातात. पन्नासच्या दशकात, चांदा जिल्ह्यात गडचिरोलीकडच्या एका तालुका कचेरीत निराधारांच्या मदतीचं टेबल माझ्याकडे होतं. नियम असा, की घरात कमावतं माणूस असलं की धान्य बंद. खरी पंचाईत शिकाऊंची! त्यांना कमावते म्हणायचं की नाही? आमचे नायब तहसीलदार साहेब नियमाला कडक आणि माणसाला मऊ. असा अधिकारी मी पुन्हा पाहिला नाही.

*

एका आंधळ्या गोंड म्हाताऱ्याच्या अंगणात तरणाबांड गडी लाकडं फोडताना दिसला. गडी निघाला लमसेना, म्हणजे लग्नाआधी सासऱ्याघरी राबणारा जावई.

"मग कमावतो की तो!" साहेब म्हणाले.

"पोरगी कमावून राह्यला, सायेब. मले काय देते तो? मीच त्याले जेवू घालतो."

साहेबांनी शेरा मारला, 'खाणारं तोंड एक वाढलं,' आणि धान्य वाढवून दिलं!

*

जनाबाई विधवा, पदरात दोन लेकरं. बाजारातल्या रहीम उस्तादांच्या दुकानात ती शिलाई शिकायला बसली. लगेच तक्रार आली, उस्ताद तिला दर बाजाराला पैसे देतात. धान्य बंद झालं असतं, तर मशीन सोडून तिला पुन्हा जंगलातून मोळ्या आणाव्या लागल्या असत्या. साहेब मला घेऊन दुकानात गेले.

उस्ताद चष्म्यावरून पाहत म्हणाले, "कमाई कायची, सायेब? काज ते करते, उसवतो मी."

"मग पैसे कशाचे?"

"उपाशी माणसाचा हात थरथरते. कपडा तं माहा खराब होते ना!"

*

साहेबांनी जनाबाईची परीक्षाच घेतली. स्वतःच्या शर्टाचं कापड दिलं आणि उस्तादांना हात लावायची मनाई केली.

शर्ट आला. डावी बाही मनगटापर्यंत, उजवी कोपराच्या जरा खाली! जनाबाई दाराशी रडवेली उभी. साहेबांनी शर्ट चढवला, दोन्ही हात पुढे केले आणि मला म्हणाले, "लिहा, अजून शिकते आहे. मदत चालू."

*

तो शर्ट साहेब दर सोमवारी घालून येत. जिल्ह्याचे मोठे साहेब पाहणीला आले, तेही नेमके सोमवारी.

"हे काय हो?"

"केसचा पुरावा आहे, सर. फायलीत मावत नव्हता."

*

पुढच्या वर्षी धान कापून झाल्यावर जनाबाई आपणहून आली. हातात कागदात गुंडाळलेला नवा शर्ट.

"माहं धान्य बंद करा, सायेब."

धान्य सोडायला आलेलं माणूस त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

साहेब म्हणाले, "घाई नको, बाई. लेकरं लहान आहेत."

"तुमी पयले हात पुढं करा."

साहेबांनी शर्ट चढवला, हात पुढे केले. दोन्ही बाह्या बरोबर मनगटाशी थांबल्या होत्या. साहेब हात तसेच धरून उभे राहिले.

"लिहा," ते मला म्हणाले. मी लिहिलं, 'शिकली. मदत बंद.'