दोरीमामांची दलाली

नाटक कंपनीत मी राजा व्हायचो आणि दोरीमामा पडदा ओढायचे. टाळ्या मला मिळत, पण मी किती वेळ राजा राहायचं हे त्यांच्या हातात असे. एकदा मरणाच्या प्रवेशात मी जरा रेंगाळलो, तर विंगेतून त्यांचा दबका आवाज आला, "राजे, आटपा. लोकांना घरी जायचंय." असा फटकळ माणूस. आणि असा जिवाभावाचा.

कंपनी बंद पडली तेव्हा मालकाने त्यांना एकरकमी पैसे दिले. मामा त्या वेळी पुतण्याकडे जिन्याखालच्या खोलीत राहत होते आणि मामी लेकीकडे, नातवंडं सांभाळत. आयुष्यभर दौऱ्यांमुळे ताटातूट, आता म्हातारपणीही तीच. छापखान्यामागे एक खोली त्यांनी हेरून ठेवली होती. अनामत रकमेला थोडे पैसे कमी पडत होते. घरमालकीण उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार झाली, तेव्हा मामांनी ठरवलं की तोवर पैसे शेअर बाजारात वाढवून घ्यायचे.

त्यांना दलाली म्हणजे आमचे खेळ लावणाऱ्या ठेकेदाराची दलाली, एवढंच ठाऊक. तो गल्ल्यातून हिस्सा घेई. खेळ पडला तर काहीच घेत नसे, उलट चहा पाजी. शेअरचा दलालही तसाच, हे मामांनी गृहीत धरलं. तशात स्वभाव जपून वागण्याचा. सगळे पैसे एका खेळावर लावायचे नाहीत म्हणून ते दोन-दोन, तीन-तीन शेअर घेत, भाव जरा वर सरकला की विकत, पुन्हा घेत. दोरीवरचा हात स्वस्थ बसेना. संध्याकाळी माझ्याकडे येऊन सांगत, आजही नफा. मामींनी तर लेकीच्या घरातली आपली भांडी वेगळी काढायला सुरुवात केली होती.

मग पैसे काढायची वेळ आली आणि उरलेले शेअर धरूनही खात्यात टाकले त्यापेक्षा कमी निघाले. मामांना वाटलं, चोरी झाली. "राजे, चला. तुमचा आवाज मोठा आहे," म्हणाले.

दलालाच्या कचेरीत मी माझा दरबारी आवाज लावला. समोरची मुलगी घाबरली नाही. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि संगणक आमच्याकडे वळवला.

"काका, शेअरमध्ये तुमचा तोटा नाहीच. थोडा नफाच आहे."

"मग पैसे गेले कुठे?"

"दलालीत. घेताना एकदा, विकताना एकदा. दलाली टक्क्यांवर असते, पण व्यवहार कितीही लहान असला तरी कमीत कमी वीस रुपये द्यावेच लागतात. वर कर वेगळा. तुम्ही दोन शेअरवर पाच कमवायचात आणि त्यापायी चाळीस भरायचात."

मामांनी हळूच विचारलं, "माझा खेळ पडला तरी?"

"पडला तरी आणि चालला तरी. आम्ही हिस्सा घेत नाही, काका. तिकीट घेतो."

खातं उघडताना हे सांगितलं होतं का, असं मी दरडावून विचारलं. उत्तर मामांनीच दिलं. सांगितलं होतं, टक्का ऐकून फारच कमी वाटला, पुढचं ऐकलंच नाही. त्या मुलीला दोष देऊ नका, म्हणाले. जाताना तिला नमस्कारही केला. मला तो पाहवला नाही.

तिथून आम्ही लेकीच्या घरी गेलो. माझ्याजवळ होतं ते मी वाटेत देऊ केलं, पण कलावंतांच्या आश्रमात राहणाऱ्या माणसाजवळ असून असणार किती? खोलीच्या अनामतीला ते पुरणारं नव्हतं.

मामी दारातच उभ्या होत्या. मामांनी काही लपवलं नाही. आतून लेक विचारत होती, कोण आलंय.

"सगळे शेअर विकलेत?" मामींनी विचारलं.

"नाही. थोडे आहेत अजून."

"मग राहू द्या ते. विकायलाही पैसे पडतात म्हणालात ना." मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "धाकटीची शाळा सुटायची वेळ झाली. मला जायला हवं."

त्या जिना उतरून गेल्या. पुढच्या आठवड्यात छापखान्यामागच्या खोलीत एक शिंपी राहायला आला. मामा त्या गल्लीतून आता जात नाहीत. लांबचा रस्ता धरतात, आणि रविवारी लेकीच्या घरी तासभर पाहुण्यासारखे बसून येतात.